मल्हाररावांचे फुटाणे

म्हातारा फुटाणा तोंडात कधी टाकतो, फुगा फुटायच्या आधी की नंतर, एवढंच ठरवण्यात माझे चार दिवस गेले. शेवटी कळलं, आधी. फुटाणा दाताखाली गेला की मगच बोट फोनवर जायचं. एक फुटाणा, एक डाव. फुटाणे संपले की फोन खिशात घालून मल्हारराव उठून चालू लागत. जिंकले की हरले ते चेहऱ्यावरून काही कळायचं नाही, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून काहीबाही ओळखायची मला भारी खोड आहे.

माझं नाव सुकेशनी. मुकुंदवाडी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. दुकानाबाहेर एक बाकडं, बाकड्यावर पंख्याचा झोत, आणि फुकटचं वायफाय. दुपारी बारानंतर त्या बाकड्यावर कोण बसतं आणि काय करतं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. नाक खुपसणं हा माझा जोडधंदा आहे, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे.

गोष्ट दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यातली. शहराला नळाचं पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं. आमच्या गल्लीत तेही नाही, टँकर. खेड्यांकडून तर विहिरींचे तळ दिसायला लागल्याच्या बातम्या रोज येत. इकडं शेंद्र्याच्या रस्त्याला मात्र दर आठवड्याला नवीन कंपनीची पाटी लागत होती. माझ्या दुकानासमोर सात मजली इमारत चढत होती आणि तिच्यावर वॉचमन म्हणून मल्हारराव होते. मूळचे कन्नडकडचे धनगर. एकोणीसच्या दुष्काळात मेंढरं विकली आणि शेंद्र्यात कंपनीत असलेल्या मुलाकडं, खंडेरावकडं, बायकोला घेऊन राहायला आले. वय सत्तरच्या आसपास, डोक्याला अजून पटका, आणि हातात नातवानं दिलेला जुना फोन.

त्या फोनमध्ये कॅसिनोचं ॲप होतं. त्यातला फुग्याचा खेळ ते खेळत. दहा रुपये लावले की पडद्यावर फुगा फुगायला लागतो, बाजूला आकडा चढत जातो, दीडपट, दुप्पट, तिप्पट. फुगा फुटायच्या आत आपण थांबवायचं. थांबवलं तर तेवढे पैसे आपले. अजून थोडं, अजून थोडं करत बसलं की फुगा फुटतो आणि दहा रुपये गेले. पोराबाळांच्या खेळासारखाच दिसतो, म्हणून तर माणूस फसतो.

मला कोडं पडलं होतं ते फुटाण्यांचं. मोजायला लागले तर रोज वेगळे भरले. सोमवारी नऊ, मंगळवारी चार, बुधवारी सात. रविवारी एकही नाही, त्या दिवशी फोन खिशातून बाहेरच यायचा नाही. मी दुकानातल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या कोपऱ्यात आकडा टाकायला सुरुवात केली. म्हटलं, यात काहीतरी मेख असणार. तिथी असेल, वार असेल, नाहीतर म्हाताऱ्याला कुणी देवऋषानं दिलेला तोडगा असेल. एकदा सरळच विचारलं, तर म्हणाले, "भूक लागती, माय." चार फुटाण्यांनी कुणाची भूक भागते? पण म्हातारा त्यापुढं ओठ उघडायला तयार नाही.

एवढी चौकशी मला कशाला, असं कुणी विचारलं तर खरं सांगते. म्हाताऱ्याच्या खेळाशी मला घेणंदेणं नव्हतं. त्याच्या थांबण्याशी होतं. कारण माझ्या घरातला माणूस थांबत नव्हता.

भारत, माझा नवरा, रिक्षा चालवतो. मागच्या काचेवर निळ्या अक्षरात 'जय भीम' आणि खाली आमच्या लेकीचं, अक्षदाचं नाव. सात वर्षं एका कंपनीत कंत्राटी राबून त्यानं ती रिक्षा घेतली होती आणि घेतल्या दिवशी तो तिच्यातच झोपला होता. कुणाचं 'ए' ऐकायचं नाही, आपल्या हातात हँडल, यापलीकडं त्याला काही नको होतं. त्याच फुग्याच्या खेळात त्या वर्षीच्या जानेवारीत तो पडला आणि मार्चपर्यंत अशी गत झाली की जालना रोडला लिंबाखाली रिक्षा उभी, बायाबापड्या हात करताहेत, आणि साहेब मान वर करायला तयार नाहीत. मला भीती एकाच गोष्टीची होती. आज भाडं सोडतो, उद्या रिक्षाच सोडील.

मी काही केलं नाही असं नाही. त्या ॲपमध्ये 'जबाबदारीने खेळा' असं एक पान असतं. मी रोज शंभर फॉर्म भरणारी बाई, मला ते लगेच सापडलं. दिवसाला पन्नास रुपयांची मर्यादा मी स्वतः घातली, त्याच्यासमोर, त्याच्या होकारानं. तोही म्हणाला, बरं झालं. तिसऱ्या दिवशी बघते तर मर्यादा पाचशे. ज्याच्या हातात फोन, त्याच्याच हातात मर्यादा. म्हटलं तर कुलूप होतं, पण किल्ली त्यालाच लटकवलेली. त्यावरून आमचं भांडण झालं. तो म्हणाला, मी काय दारुडा आहे का, माझ्यावर माझा ताबा आहे. ज्याला ताबा असतो तो असं बोलत नाही, पण हे मी मनात म्हटलं.

त्यातच मी एक मूर्खपणा केला. दुकानात डबा खाताना मल्हाररावांची गंमत त्याला सांगितली. फुटाणा खाऊन खेळतात आणि फुटाणे संपले की उठतात, काहीतरी तोडगा दिसतो, असं हसत हसत बोलून गेले. तो हसला नाही. कॅलेंडरवरचे आकडे बघत बसला.

दोन दिवसांनी रिक्षात अक्षदाची राहिलेली छत्री शोधायला गेले, तर सीटखाली फुटाण्यांची पिशवी. अर्धा किलोची. निम्मी संपलेली. मला आधी हसूच आलं. एक फुटाणा, एक डाव असं धरलं तर या माणसानं काय आकांत मांडला असेल! आदल्या संध्याकाळी तो पोट धरून का पडला होता तेही कळलं. पण पिशवीखाली एक पाकीट होतं, आणि पाकिटात रिक्षाच्या कागदांच्या झेरॉक्स होत्या. आरसी, परमिट, विमा, सगळ्यांच्या दोन-दोन.

माझ्या मशीनला एक खोड आहे. डाव्या बाजूला काळी बारीक रेघ येते. दुरुस्तीवाला तीनदा येऊन गेला, रेघ गेली नाही. या कागदांवर रेघ नव्हती. ज्याच्या बायकोचं झेरॉक्सचं दुकान आहे, तो माणूस उस्मानपुऱ्यात जाऊन पैसे मोजून झेरॉक्स काढून आला होता. मी तिथंच रिक्षाच्या पायरीवर बसले आणि रडले. गावाचे फॉर्म भरणारी मी, आणि दिव्याखाली अंधार.

रात्री लपवाछपवी केली नाही त्यानं. गुरुवारी गिऱ्हाईक येणार होतं. रिक्षा विकून कंपनीत लागतो म्हणाला, रिक्षात आता राम राहिला नाही. मी विचारलं, रिक्षात नाही की तुमच्यात? तो कुशीवर वळला. मी पिशवी आणली आणि दुकानाच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिली, उगाच, रागानं.

बुधवारी दुपारी मल्हारराव आले ते फुटाण्यांशिवाय. बाकड्यावर बसले, फोन काढला, मांडीवर ठेवला आणि नुसते बघत राहिले. पटका काढून घाम पुसला. पुन्हा फोन उचलला, पुन्हा ठेवला. पंखा जोरात होता तरी मानेवरून घाम ओघळत होता. मला वाटलं, उन्हाचा त्रास होतोय. पाणी नेऊन दिलं तर ग्लास बाकड्यावर ठेवून पुन्हा फोनकडंच बघायला लागले. तितक्यात भारत आला. गिऱ्हाइकानं रिक्षा नावावर करायचे फॉर्म मागितले होते, एकोणतीस आणि तीस नंबरचे. ते माझ्याच दुकानात मिळतात, आणि भरतेही मीच. मान खाली घालून तो काउंटरला टेकून उभा राहिला. मी फॉर्म काढून समोर ठेवले, पेन काही दिलं नाही.

तेव्हा मल्हारराव उठून काउंटरपाशी आले आणि त्यांनी माझ्यापुढं तळहात पसरला.

"माय, तुह्याकडं फुटाणे हायेत का? म्हातारी कन्नडला हळदीला गेली. आज मोजून द्यायला कुणी नाय."

ड्रॉवर उघडून मी भारतचीच पिशवी बाहेर काढली. भारतनं ती ओळखली आणि दुसरीकडं बघितलं. मी विचारलं, "किती देऊ, बाबा?"

"ते मला नको इचारू," मल्हारराव म्हणाले. "म्या सांगितलं तर लईच सांगन."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. कॅलेंडरवरचे नऊ, चार, सात हे ना तिथीचे होते ना तोडग्याचे. त्यांची बायको, बानाबाई, रोज सकाळी त्यांच्या तळहातावर मोजून टाकायची तेवढेच. पुढं म्हाताऱ्याकडूनच कळलं, जेवण नीट झालं असेल तर नऊ, आदल्या दिवशी हरून चिडचिड केली असेल तर चार. रविवार खंडोबाचा, म्हणून काहीच नाही. मी आपली पत्रिका मांडत बसले होते.

मी तीन फुटाणे दिले. का तीन, ते मलाही सांगता येणार नाही. त्या तळहातावर आकडा ठरवताना माझेच हात जड झाले होते. म्हातारा बाकड्यावर गेला, एक खाल्ला, खेळला. दुसरा खाल्ला, खेळला. तिसऱ्याला त्यांनी बराच वेळ दोन बोटांत धरून ठेवलं. मग खाल्ला, खेळला, आणि फोन बंद करून मांडीखाली दाबून त्याच्यावर बसले. दोन्ही हातांनी बाकड्याची कड घट्ट धरली. मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. इतके दिवस मी समजत होते की या माणसाला थांबणं सोपं जातं. तो रोज उठून चालू लागायचा ते सोपं होतं म्हणून नाही, तर बाकड्यावर अजून एक क्षण बसला असता तर उठता आलं नसतं म्हणून.

भारतनंही ते पाहिलं. तो त्यांच्याशेजारी जाऊन बसला आणि त्यानं विचारलं की बाबा, एवढा त्रास होतो तर ते ॲप काढूनच का टाकत नाही. म्हातारा हसला. काढून दोनदा झालं, म्हणाला, नातवाकडून पुन्हा घालून घेतलं. मग बानाबाई म्हणाली, मेंढरं गेली, तंबाखू गेली, हेही ओढून घेतलं तर म्हातारा भिताडाकडं बघत बसेल. त्यापेक्षा माघारीची जागा मी ठरवते.

माघारीची जागा म्हणजे काय, हे भारतला कळलं नाही आणि मलाही नाही. मल्हाररावांनी सांगितलं. त्यांच्यात मेंढरं चारायला गडी जातो, आणि बाई कोकरं घेऊन वाड्यावर थांबते. वाडा म्हणजे शेतात जाळी लावून मेंढरं कोंडतात तो. सकाळी कळप निघायच्या आधी वाड्यावरची बाई सांगते, आज त्या चिंचेपासून माघारी, आज नाल्यापासून माघारी. पाणी किती, ऊन किती, कोकरांच्या आयांना दूध किती, हे बघून ती ठरवते. चालणाऱ्यानं ते ठरवायचं नाही, कारण चालणाऱ्याच्या डोळ्यासमोर पुढचं हिरवं असतं. हिरवं बघून ठरवलं की जागा पुढं पुढं सरकत जाते.

"म्या एकदा सरकवली," मल्हारराव म्हणाले. "दोन हजार तीनचा दुष्काळ. घाटाखाली होतो. चिंच आली आन् पुढं बांधाला हिरवळ दिसली. म्हणलं, तेवढी चारू. तिथं गेलो, तर आणखी पुढं दिसली. दुपार झाली तवा पाणी पार मागं राह्यलं व्हतं. बावीस मेंढरं बसली. तहानलेली मेंढी बसली की उठत नाय."

संध्याकाळी उरलेला कळप घेऊन ते वाड्यावर आले तेव्हा बावीस आयांची कोकरं जाळीशी उभी राहून ओरडत होती. बानाबाईनं एकेक कोकरू उचलून आत घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं म्हातारा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे तिच्यापुढं गेले आणि विचारलं, आज कुठून माघारी? ती म्हणाली, आज वाड्यातच. कळप जाळीतून काढायचा नाही. तिनं स्वतः बाभळीच्या शेंगा आणि पाला आणून टाकला. तिसऱ्या दिवशी विचारलं, आज वाड्यातच. असे सात दिवस गेले.

भारतनं विचारलं, "आन् तुम्ही सात दिवस ऐकलं तिचं?"

"कुढलो की. जाळी उचलायला किती येळ लागतो? पण रोज सकाळी इचारलं. इचारणं सोडलं असतं तर मंग माह्यात काय राह्यलं असतं?"

आठव्या दिवशी तिनं सांगितलं, बांधापर्यंत जाऊन या. एवढं बोलून मल्हाररावांनी मांडीखालचा फोन काढून खिशात घातला, पटका बांधला आणि समोरच्या बांधकामावर निघून गेले. भारत बाकड्यावर बसून राहिला. त्याचे फॉर्म काउंटरवर पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होते. मी त्यांच्यावर पंच मशीन ठेवलं. तो उठून गेला, आणि फॉर्म न घेता गेला.

गुरुवारी सकाळी सातला गल्लीत टँकर आला. ज्यांनी टँकरवर पाणी भरलंय त्यांना माहीत आहे, त्या वेळी सख्खी बहीणही ओळख देत नाही. मी दोन ड्रम आणि चार हंडे घेऊन पाइपाशी झोंबत होते, साडीचा ओचा भिजलेला, मागची बाई मला ढोसत होती. अशा गर्दीत भारत आला आणि माझ्यापुढं त्यानं तळहात पसरला. सोळा वर्षांच्या संसारात माझ्यापुढं त्यानं कधी हात पसरला नव्हता.

पाच म्हणू, दहा म्हणू? दहा दिले तर तो आज दहावर थांबेल का? म्हाताऱ्यानं वीस वर्षं थांबायची सवय केली होती आणि तरी त्याची मनगटं ताठली होती. माझ्या माणसाची मेंढरं तर कालच बसली होती. मी ओल्या हातानं त्याची मूठ मिटवली, रिकामीच.

"आज वाड्यातच," मी म्हटलं.

तो क्षणभर मिटलेल्या मुठीकडं बघत उभा राहिला. मग त्यानं माझ्या हातातून पाइप घेतला आणि ड्रम भरायला लागला. अकरा वाजता गिऱ्हाईक आलं तेव्हा तो दारात नव्हता. सिडकोत भाडं घेऊन गेला होता. गिऱ्हाईक माझ्यावरच चिडून गेलं, आणि दुसऱ्याच्या रागाचं मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

ते ॲप मी त्याच दुपारी सहा महिन्यांसाठी बंद केलं. तशी सोय असते, आणि ती मध्येच उघडत नाही. पण असल्या ॲपांना काय तोटा, एक बंद केलं की दहा उभी. खरं कुलूप ते नव्हतंच. खरं होतं ते सकाळचं विचारणं. रोज सकाळी तो रिक्षा पुसून झाली की यायचा, हात पुढं करायचा, मी मूठ मिटवायची. कधी चिडून यायचा. एकदा म्हणाला, नुसते दोन दे, दोन. मी नाही म्हटलं आणि दिवसभर माझंच मन मला खात राहिलं. कॅलेंडरवर आता एका तारखेत दोन आकडे असत. वर मल्हाररावांचा, रोज वेगळा. खाली भारतचा, रोज शून्य.

एकेचाळिसाव्या दिवशी तो आला नाही. मी उठले तेव्हा रिक्षा दारात नव्हती, अंथरूण गार होतं. फोन लावला, लागला नाही. दुकान उघडलं पण एका बाईचा आधार नंबर तीनदा चुकीचा टाकला. मल्हारराव बाकड्यावर सहा फुटाणे खाऊन गेले, जाताना माझ्याकडं बघून थबकले. दुपारी मी रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन आले. लिंबाखाली रिक्षा नव्हती. तो कुठंतरी सावलीला मान खाली घालून बसलाय, असं चित्र डोळ्यांपुढून हलेना. कॅलेंडरवर त्या तारखेखाली मी काहीच लिहिलं नाही.

दिवेलागणीला रिक्षा दुकानासमोर थांबली. पहाटे चारला कन्नडचं भाडं मिळालं होतं, सगळं बिऱ्हाड घेऊन दोन खेपा. घाटाकडं रेंज नव्हती, मग फोनची बॅटरीही संपली. त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा धुळीनं भरलेला, आणि किती महिन्यांनी मी त्याला दमलेला बघत होते. खेळून आलेला माणूस दमत नाही, चोळामोळा होतो. हा दमला होता.

पाणी पिऊन झालं. मग त्याच्या एकदम लक्षात आलं. त्यानं कॅलेंडरकडं पाहिलं, त्या रिकाम्या जागेकडं, आणि लाजल्यासारखा हसला.

"आज इचारायचं राहूनच गेलं की गं," तो म्हणाला, आणि दिवस संपत आलेला असूनही त्यानं हात पुढं केला.

मी त्याची मूठ मिटवली आणि लगेच सोडली नाही. मग पेन घेतलं आणि शून्य लिहिलं.